४ बाय ७ चा फॉरवर्ड आणि माझ्या गाईंचे सोललेले गुडघे

महिनाभर दूधधंद्याच्या प्रत्येक ग्रुपवर एकच व्हिडिओ फिरतोय. लांबलचक शेड, पाइपचे कप्पे, त्यात ऐटीत बसलेल्या दांडग्या गाई, आणि खाली मजकूर: "परदेशी क्युबिकल गोठा (एकेका गाईला बसायला पाइपचा वेगळा कप्पा) करा, ४ बाय ७ फुटांचं माप सगळ्या गाईंना चालतं, शेण आपोआप बाहेर पडतं त्यामुळं कासदाह (कास सुजण्याचा आजार) बंद, रबर मॅट टाकली की अंथरूण नको, २० गाईंना १५ कप्पे बास, गाय तिथंच विते." मी फलटणकडचा, २२ एचएफ क्रॉस (होल्स्टीन फ्रिजियन संकरित) गाई, दोन वर्षांपूर्वी हेच माप ऐकून कप्पे बसवले आणि सहा महिन्यांत कटरनं कापून परत बसवले, म्हणून बोलतोय.

आधी तो व्हिडिओ नीट बघा की राव. तांबूस रंग, रुंद पुठ्ठे, कास एवढीशी. त्या दुधाच्या गाईच नाहीत, आयर्लंड-स्कॉटलंडकडं मांसासाठी पाळतात तसल्या लिमोझिन वाटतात, त्यांचं दूध कोण काढत नाही, वासरूच सात-आठ महिने अंगावर पितं. तिकडं हिवाळ्यात चार-पाच महिने बाहेर नुसता चिखल म्हणून गुरं आत, आणि अंथरायला पेंढा महाग, तो वाचवायला १९६० च्या सुमारास हे कप्पे आले. आपल्याकडं फलटण-माणला वर्षातले आठ महिने मुरमावर मोकळी गाय मजेत बसते. मावळात, कोकणात पावसाळाभर आत बांधावं लागतं तिथं क्युबिकलचा विचार जरूर करा, माझा त्याला विरोध नाहीच.

आता ४ बाय ७, म्हणजे रुंदी ४ फूट नि लांबी ७ फूट. हे माप दोन्हीकडून चुकलंय, रुंदीला जास्त आणि लांबीला कमी! गाय उठताना आधी मागचं अंग उचलते, घोड्याच्या उलट, आणि त्यासाठी डोकं जोरात पुढं झोकते, त्या झोकाला समोर दोन-तीन फूट मोकळं लागतं. तोंड भिंतीकडं असेल तर ८ ते साडेआठ फूट पाहिजे, समोरासमोर तोंडं करून मधे मोकळं ठेवलं तर साडेसातवर भागतं. माझ्या ७ फुटांत एक गाय उठताना कुत्र्यासारखी पुढचे पाय ताठ करून ढुंगणावर बसून राहायची, आम्हाला वाटलं कॅल्शियम कमी झालंय, बाटल्या चढवल्या, आणि कारण निघालं भिंत. रुंदीचं उलटं, ४ फुटांत आमची साडेचारशे किलोची गाय आडवी बसते किंवा उलटी वळते नि गादीवरच हगते. कमरेच्या दोन वर आलेल्या हाडांमधलं अंतर मोजा आणि दुप्पट करा, माझ्याकडं २२ इंच भरलं म्हणजे ३ फूट ८ इंच. जर्सी क्रॉसला साडेतीन फूट पुष्कळ. आणि खिल्लार, गीर अशी शिंगवाली असेल तर पाइपात शिंग अडकतं, त्या भानगडीत पडूच नका.

शेण आपोआप बाहेर पडतं हे अर्धं खरंय, पण ते काम मानेवरच्या आडव्या पाइपचं. साधारण पावणेचार फूट उंच आणि मागच्या कडेपासून साडेपाच फुटांवर. पुढं सरकला तर शेण गादीवर, मागं आला तर गाय पुढचे दोन पाय वर नि मागचे शेणमुतात ठेवून तासन्‌तास उभी, मग खुरं गेलीच समजा. आमच्या फॅब्रिकेटरनं तो वेल्डिंग करून टाकलेला, आता क्लॅम्पवर आहे. कासदाह पाइपनं बंद होत नाही हो, धार काढल्यावर सड जंतुनाशकात बुडवावे लागतात आणि सडाचं तोंड मिटेपर्यंत अर्धा तास गव्हाणीत वैरण टाकून गाय उभी ठेवावी लागते.

नुसत्या मॅटवर गुडघे सोलतात. वर लाकडाचा भुसा किंवा बगॅस (उसाचा चोथा), कोरडं, रोज थोडं. वाळू सगळ्यात भारी, तिच्यात जंतू फारसे वाढत नाहीत, पण गोबरगॅस असेल तर टाकी वाळूनं भरेल.

२० गाईंना १५ कप्पे, हे कोणाचं डोकं? गाय दिवसाचे १२ ते १४ तास बसते, रात्री बहुतेक सगळ्या एकदमच, मग गरीब पहिलारू (पहिल्यांदा व्यालेली गाय) रात्रभर उभी. मी २२ ला २४ केलेत.

आणि विणं? कप्प्यात अजिबात नाही, गाय अडकते, वासरू कप्प्यांमागच्या गल्लीतल्या शेणात पडतं. त्या परदेशी गोठ्यांतसुद्धा व्यायला वेगळा मोकळा खण असतो आणि वासरांना पेंढा घातलेली वेगळी जागा, जिथं फक्त वासरू शिरेल एवढीच फट. फॉरवर्डवाल्यानं तेवढंच कापलंय.

काहीजण विचारतात, शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेत २०२१ साली ठरलेल्या ७७,१८८ रुपये अनुदानाच्या गोठ्यात बसेल का? तो ७.७ बाय ३.५ मीटर, म्हणजे रुंदी साडेअकरा फूट. ८ फूट कप्प्याला गेले की गल्लीला साडेतीन उरतात, गव्हाण अजून बाकीच. नाही बसत.

करायचंच असेल तर फॅब्रिकेटरला एकच कप्पा नटबोल्टवर उभा करायला सांगा आणि चार दिवस गाय कशी उठते ते बघा, मग बाकीच्या पाइपची ऑर्डर द्या.