जिंजर आयुर्वेदातून नाही, घोडेबाजारातून आलं

आठवडा झाला, एकच मेसेज फिरून राहिला. गावच्या ग्रुपवर आला, दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर आला, सासरवाडीच्या ग्रुपवर तर तीनदा आला. इंग्रजीतलं जिंजर म्हणजे आपलंच अद्रक, शब्दही आपला, गुणही आपले, आणि त्याच्या ताकदीवरून इंग्रजांनी आपले वाक्प्रचार बनवले, असं सांगून खाली पाच मुद्दे आणि शेवटी दहा जणांना पाठवा. मी पोट्ट्यांच्या इंग्रजीच्या ट्युशन घेतो, त्यातल्या दोघांनी हे पाचही मुद्दे वहीत उतरवून आणले तेव्हा म्हटलं आता लिहाच लागते.

पहिला मुद्दा असा की जिंजर हे संस्कृत शृंगवेरावरून आलं, शृंगवेर म्हणजे शिंगासारखं अंग असलेलं. हे अर्धं खरं आहे, आणि अर्ध्या हळकुंडानं पिवळं व्हायला आपल्याला कितीसा वेळ लागते. शृंगवेर, पालीत सिंगिवेर, ग्रीकमध्ये झिंगिबेरिस, मग लॅटिन, मग जुनी फ्रेंच आणि तिथून इंग्रजी, हा रस्ता बरोबर आहे. पण शब्दांचे अभ्यासक सांगतात की शृंगवेर हाच शब्द बहुतेक दक्षिणेतून वर आलेला. तमिळमध्ये अद्रकाला आजही इंजी म्हणतात, मल्याळममध्ये इंची, आणि वेर म्हणजे मूळ. वर आल्यावर कोणाला तरी त्या गड्ड्यात शिंगं दिसली आणि शब्दालाही शिंगं फुटली. बरं, शृंगवेर घरात म्हणते कोण? आपण म्हणतो अद्रक, पुण्याकडचे म्हणतात आलं, दोन्ही आर्द्रकावरून आले, म्हणजे ओलं ते. वाळवलं की सुंठ.

दुसरा मुद्दा: जिंजरली म्हणजे जपून, हळूच, कारण अद्रक जपून सोलावं लागते. नाही ना बाप्पा. या शब्दाचा अद्रकाशी काही संबंध नाही, तो बहुतेक नाजूक, सुबक अशा अर्थाच्या एका जुन्या फ्रेंच शब्दावरून आला, फक्त कानाला सारखा लागते. आणि अद्रक कोण जपून सोलते? आमच्या घरी तर चमच्यानं खरडतात नाहीतर सालासकट ठेचतात.

आता तिसरा आणि चौथा एकत्रच घेतो, कारण खरी गंमत तिथं आहे. मेसेज म्हणतो की जिंजर अप म्हणजे एखाद्यात जोश भरणं, आणि हा अर्थ अद्रकाच्या काढ्यानं अंगात येणाऱ्या शक्तीवरून पडला. शक्ती येत होती हे खरं, पण काढा पाजून नाही. फ्रान्सिस ग्रोस नावाच्या माणसानं १७८५ साली लंडनच्या गल्लीबोळातल्या बोलीचा एक शब्दकोश छापला, त्यात फीग हा शब्द आहे. अर्थ काय तर घोड्याच्या मागच्या बाजूनं, म्हणजे समजून घ्या कुठून, अद्रक घालायचं, म्हणजे तो उड्या मारते आणि शेपूट उचलून ऐटीत चालते. हे विकायच्या वेळी करायचं. अद्रकाआधी म्हणे जिवंत ईल मासा घालायचे! घोड्यात अद्रक भरणं यातूनच पुढे माणसात, कामात, भाषणात अद्रक भरणं आलं. मग राजकारणात जिंजर ग्रुप आला, म्हणजे पक्षातल्या पक्षात पुढाऱ्यांना टोचत राहणारी मंडळी, कॅनडाच्या संसदेत तर १९२४ साली या नावाचा गटच होता.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमचा बैलबाजारच आठवला. मी सातवीत असीन, मोठेबाबांसोबत गेलो होतो. दुपट्ट्याखाली बोटं धरून भाव ठरून राहिला होता आणि एक पांढरा बैल जागेवर उभाच राहीना, नुसता थयथय, शेपूट वर, डोळे लाल. मी म्हटलं हाच घ्या. मोठेबाबांनी दात पाह्यले, खुरं पाह्यली, तरी माझ्या हट्टापायी आणि थोडं त्यांनाही पटलं म्हणून घेतला. घरी आला, रात्रभर पाणी पिला आणि तिसऱ्या दिवशी वखराला जुंपल्यावर तासातच बसला तो बसलाच. मोठेबाबा एवढंच म्हणाले, "शेपटाखाली तिखट लावलं व्हतं लेका, आपल्याले समजलं नाई." पुढे कितीतरी दिवस घरात कोणी उगाच उड्या मारल्या की आई म्हणे, याले कोणी तिखट लावलं. आता सांगा, इंग्रजांचा जिंजर अप आणि आईचं हे वाक्य यात फरक काय? दोन्ही दलालाच्या लबाडीतून आले, दोन्हीकडे जनावराची आग झाली.

चौथ्यात लिहिलंय की लाल केसांच्या माणसाला इंग्रज जिंजर म्हणतात कारण ते लोक अद्रक खाऊन केस लाल झालेले आहेत. काहून पण? मग आपल्याकडच्या चहाच्या टपरीवाल्याचे केस तर भगवे पाह्यजे होते. केस लाल होतात ते एमसीवनआर नावाच्या जीनमधल्या बदलानं, आईबापाकडून आलेलं असते ते. आणि शब्दाबद्दल पुन्हा तोच ग्रोस सांगते की हा शब्द कोंबड्यांच्या झुंजीच्या अड्ड्यावरून उचललेला आहे, तिथं लाल कोंबड्याला जिंजर म्हणत, मग लाल केसांच्या माणसालाही म्हणायला लागले. आमच्या इकडे गडचिरोली-चंद्रपूरकडच्या लोकांना कोंबडबाजार समजावून सांगायची गरज नाही, पायाला काती बांधलेला कोंबडा आणि भोवती नोटा घेऊन ओरडणारी माणसं. एक शब्द घोड्याच्या दलालांनी वाढवला, दुसरा जुगाऱ्यांनी, आणि मेसेजवाला म्हणते ऋषीमुनींनी. पोट्ट्यांनो, एक ध्यानात ठेवा, कोणाला तोंडावर जिंजर म्हणू नका, तिकडे लाल केसांच्या पोरांना शाळेत यावरून लय छळतात. जिंजर बिअर तर लंडनच्या बोलीत समलिंगी माणसाला दिलेली शिवी आहे, क्वीअरशी यमक जुळते म्हणून.

(जिंजर रॉजर्स या हॉलीवूडच्या नटीचं नाव अद्रकावरून पडलं असंही मधेच घुसडलंय. तिचं खरं नाव व्हर्जिनिया, त्याचा घरात लाडानं झालेला चुरा आहे तो.)

राहिला पाचवा. स्कॉटलंडचे लोक म्हणे दुकानात जाऊन रोज जिंजर मागतात, इतकं त्यांना अद्रकाचं महत्त्व कळलं. मागतात, हे खरं आहे, पण ग्लासगोकडे जिंजर म्हणजे कोणतंही कोल्ड्रिंक. संत्र्याचं द्या, कोलाचं द्या, अद्रकाचा थेंब नसला तरी ते जिंजरच. यात हसण्यासारखं काही नाही, आमची वहिनी पुण्याकडची, लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात आईनं तिला म्हटलं, सूनबाई, वाडीतून थोडा सांबार तोडून आण. वहिनी गंज घेऊन वाडीत गेली आणि कोथिंबिरीच्या वाफ्याजवळ उभी राहून सांबार कोणत्या झाडाला लागते ते शोधत राहिली.