रेडी रेकनर वाढला म्हणून घरपट्टी वाढत नाही

एप्रिल उजाडला की सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज ठरलेला: ‘रेडी रेकनर वाढला, आता घरपट्टीही तेवढीच वाढणार. घराची किंमत आणि कराचा दर, दोन्ही एकाच साहेबाच्या हातात. तक्रार करून उपयोग नाही. मुकाट भरा, पावती जपा, तोच मालकीचा पुरावा.’

आधी रेडी रेकनर. जागा-घरांच्या सरकारी दरांचा हा तक्ता मुळात मुद्रांक शुल्कासाठी. मुंबईत 2010 पासून घरपट्टी भांडवली मूल्यावर आहे आणि ते मूल्य या तक्त्यावरून काढतात, एवढं खरं. पण ते 5 वर्षांच्या आत बदलता येत नाही, आणि बदललं तरी आधीच्या करावर 40 टक्क्यांपेक्षा जास्त वाढ लादता येत नाही. ज्या महापालिकांत अजून करयोग्य मूल्य चालतं, तिथे हिशेब भाड्याचा. समजा, घराचं वाजवी भाडं महिना 1,000 रुपये धरलं. वर्षाचे 12,000, त्यातून दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा, उरले 10,800. दर लागतो तो यावर. यात रेडी रेकनरच्या टक्केवारीचा संबंध कुठे आला?

आता एकाच साहेबाचा हात. मूल्य ठरवतो आयुक्तांच्या हाताखालचा कर आकारणी विभाग. दर ठरवते सर्वसाधारण सभा, तेही 20 फेब्रुवारीच्या आत, पुढच्या वर्षासाठी. मधली काही वर्षं अनेक पालिकांत नगरसेवकच नव्हते, प्रशासकानेच दोन्ही उरकलं; तेवढ्यापुरता मेसेजवाल्याला अर्धा मार्क. शिवाय बिलातला राज्य शिक्षण कर पालिकेचा नसतोच. ती फक्त वसूल करून सरकारला देते.

‘तक्रार करून उपयोग नाही’ हे वाक्य मात्र खरंच नुकसान करतं. नगरपरिषदेत चतुर्थ वार्षिक, म्हणजे चार वर्षांतून एकदा, आकारणी होते, यादी लागते, हरकतींना मुदत मिळते. माझ्या मावशीच्या नोटिशीत मागची पत्र्याची पडवी आरसीसी म्हणून धरली होती, आणि मापात अंगणही घुसलं होतं. ‘कर फार आहे हो’ असा अर्ज तिने आधीच लिहून ठेवला होता. तो फाडला. नव्या अर्जात दोनच ओळी लिहिल्या: बांधकामाचा प्रकार चुकला आहे, क्षेत्रफळ चुकलं आहे, फेरमोजणी करावी. सोबत पडवीचा फोटो. माणूस आला, टेप लावली, सुनावणीत आकडा उतरला. दर जास्त आहे, हे सुनावणीत कुणी ऐकून घेत नाही. माप, वापर, बांधकामाचं वय चुकलं असेल तर ऐकावं लागतं. महापालिकेत याच्या पुढे कोर्टातही जाता येतं, पण आधी हरकत नोंदवलेली हवी आणि मागितलेली रक्कम भरलेली हवी. मुदत झोपेत घालवली की दोष साहेबाचा नाही.

राहिली पावती. घरपट्टीची पावती काय किंवा ग्रामपंचायतीचा नमुना 8 काय, कर कोणाकडून घ्यायचा याची ती नोंद आहे; तिने मालकी मिळत नाही आणि बेकायदा मजला कायदेशीरही होत नाही. उलट महापालिका कायद्यात अशा बांधकामावर कराच्या दुपटीपर्यंत शास्ती, म्हणजे दंड, आहे. पिंपरी-चिंचवडमध्ये कुणालाही विचारा. वर्षानुवर्षं ती बिलात लागून येत होती, पण ती भरली म्हणून काही घराला परवानगी मिळाली नाही.