डोक्यावर तार असलेला उंदीर: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

प्रयोगशाळेतल्या प्राण्यांचं वागणं आणि मेंदू एकाच वेळी मोजण्याच्या साधनांवरचा लेख तुम्ही बारकाईने वाचलात आणि चांगलाच झोडपलात. थोडक्यात तुमचं म्हणणं असं: सॉफ्टवेअर आलं म्हणून निरीक्षण निःपक्षपाती होत नाही, डोक्याला तार जोडलेला उंदीर उंदरासारखा वागतच नाही, आणि मेंदूत काहीतरी चमकलं एवढ्यावरून 'भीती', 'निर्णय' अशी नावं देणं ही धूळफेक आहे. तिसऱ्या मुद्द्यावर आपलं बरंचसं जमेल. पहिल्या दोनवर मात्र भांडायचंय.

अधिक चिन्हाच्या आकाराच्या उंच फळीची चाचणी घ्या. दोन भुजांना भिंती, दोन उघड्या. घाबरलेला उंदीर आडोशाला थांबतो असं धरून उघड्या भुजेवरचा वेळ मोजायचा. ऐकायला सोपं. पण उंदीर करतो काय, तर मागचे पाय आडोशात रोवून अंग ताणतो, नाक उघड्या फळीवर नेऊन हुंगतो आणि झटकन मागे सरकतो. आता हा उघड्या भुजेत गेला म्हणायचं का? कुणी चारही पाय आले तरच धरतं, कुणाला दोन पुरतात. स्टॉपवॉच घेऊन बसलेला माणूस सकाळी एक नियम पाळतो आणि कंटाळला की नकळत दुसरा. त्यातून कुठल्या उंदराला औषध दिलंय हे त्याला ठाऊक असेल तर विचारायलाच नको. रोझेन्थल आणि फोड या मानसशास्त्रज्ञांनी १९६३ साली काही विद्यार्थ्यांना सांगितलं की तुमचे उंदीर हुशार वाणाचे आहेत, बाकीच्यांना सांगितलं की तुमचे मठ्ठ. प्रत्यक्षात उंदीर सारखेच होते, वाटणी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी केलेली. तरी 'हुशार' उंदरांचे आकडे सरस आले.

सॉफ्टवेअर यातून माणसाला हाकलत नाही. २०१८ मध्ये आलेल्या, व्हिडिओत प्राण्याचे अवयव शोधणाऱ्या डीपलॅबकट या सॉफ्टवेअरमध्ये आधी माणूसच व्हिडिओच्या शे-दोनशे चौकटींवर नाक, कान, शेपटीचं मूळ असे ठिपके ठेवतो. उरलेल्या लाखभर चौकटींत ते ठिपके यंत्र शोधतं. माणसाने कान भलतीकडे दाखवला तर यंत्रही इमानेइतबारे भलतीकडेच दाखवेल. फरक एवढाच की नियम आधी ठरवून लिहावा लागतो, तो पहिल्या उंदराला आणि शेवटच्या उंदराला सारखाच लागतो, आणि व्हिडिओ शिल्लक राहतो. तुम्हाला दोन पायांचा नियम पटत नसेल तर तोच व्हिडिओ चार पायांच्या नियमाने पुन्हा मोजा. मला या साधनांचं कौतुक आहे ते यासाठी. निःपक्षपातीपणा राहू द्या, निदान भांडण करायला कागद हातात येतो.

आता तार. उंदराचं वजन वीस-तीस ग्रॅम आणि २०११ मधला डोक्यावर बसणारा सूक्ष्मदर्शक जवळपास २ ग्रॅमचा, म्हणजे ओझं आहेच. पण तारेमुळे आकडे बिघडतात का, हे तपासण्याची सोय पद्धतीतच असते. फायबर फोटोमेट्रीत मेंदूत उतरवलेल्या बारीक काचतंतूतून ४७० नॅनोमीटरचा निळा प्रकाश सोडतात. चेतापेशींमध्ये आधीच जीकॅम्प नावाचं प्रथिन घालून ठेवलेलं असतं, त्याची चमक मोजायची. ते जेलीफिशच्या हिरव्या प्रथिनापासून घडवलेलं आहे. पेशी उद्दीपित झाली की आत कॅल्शियम वाढतं आणि हे प्रथिन जास्त चमकतं. उंदीर मागच्या पायांवर उभा राहिला, तंतूला पीळ पडला आणि प्रकाश घटला, तर आलेखात वाटेल की मेंदू शांत झाला. म्हणून त्याच तंतूतून ४०५च्या आसपासचा जांभळा प्रकाशही सोडतात. त्या तरंगलांबीवर या प्रथिनाची चमक कॅल्शियमवर फारशी अवलंबून नसते. दोन्ही रेघा एकदम खाली आल्या तर दोष तंतूचा. निळ्याचीच हलली तर मेंदूत काही घडलं. एखाद्या लेखात ही दुसरी रेघ दाखवलीच नसेल तर तुमच्याइतकाच मीही साशंक होतो. खुद्द प्रथिनही निर्दोष नाही. ते जनुकातूनच मिळालेल्या काही उंदरांच्या वाणांत मेंदूमध्ये फेफऱ्यासारखे झटके दिसतात, हे २०१७ मध्ये उघड झालं.

आणि खरं सांगायचं तर तारेपेक्षा माणसाचा हात जास्त त्रासदायक असू शकतो. शेपटीला धरून उचललेले उंदीर त्याच उंच फळीवर जास्त बिचकतात. नळीत शिरू देऊन उचललेले कमी. हे २०१० मध्ये समोर आलं. त्याआधी १९९९ मध्ये तीन प्रयोगशाळांनी त्याच वाणांचे उंदीर, तशीच उपकरणं, तेच वेळापत्रक ठेवून पाहिलं, तरी काही चाचण्यांचे निकाल जागेप्रमाणे बदलले. 'उंदीर बिघडलेला असतो' हा तुमचा आक्षेप आज इतक्या ठामपणे मांडता येतो, तो असल्या मोजमापांमुळेच.

चमकण्याबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर, नुसत्या चमकीवरून कारण कळत नाही. म्हणूनच २००५ पासून ऑप्टोजेनेटिक्सचा एवढा बोलबाला झाला: हिरव्या शेवाळातलं प्रकाशाने उघडणारं प्रथिन चेतापेशीत घालायचं आणि दिवा लावून ती पेशी आपणच चालवून वागणं बदलतं का पाहायचं. शिवाय २०१९ च्या सुमारास कॅमेरा आणि मेंदूची नोंद जोडून पाहिल्यावर कळलं की काम करताना उंदराच्या कॉर्टेक्समधली, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरातली, पुष्कळशी हालचाल मिशा, चेहरा, पाय हलवण्याशी जुळते. पूर्वी यातला काही भाग गोंगाट म्हणून टाकून दिला जायचा, काही निर्णयाच्या खात्यावर मांडला गेला असणार.

राहता राहिली पाण्यात पोहायला लावायची चाचणी. १९७७ पासून ती नैराश्याची मोजपट्टी म्हणून चालते: उंदीर हातपाय मारायचा थांबला की तो खचला असं धरायचं. तिच्यावर तुम्ही केलेली टीका मला जशीच्या तशी मान्य आहे, आणि ती लेखाच्या यादीत होती ती निव्वळ वापरात आहे म्हणून. कितीही भारी कॅमेरा लावा, त्याला दिसणार ते उंदीर थांबलेला. तो हताश होऊन थांबला की तरंगलं तरी भागतं हे शिकून, ते त्या हौदातून कळत नाही. त्या एका आकड्यावर कुठल्याही औषधाची बाजू मी घेणार नाही.