वरातीमागून घोडबंदर

रात्री साडेनऊला, मी नुकताच आडवा झालेलो, तर लेक वही घेऊन आली, बाबा प्रिपॉस्टरस म्हणजे काय रे, उद्या टेस्ट आहे. मी मराठी मिडियमचा, पण बापाने लगेच हात वर करायचे नसतात म्हणून ठोकून दिलं, हास्यास्पद! तर म्हणे ते रिडिक्युलसला लिहून झालंय. लुडिक्रसला पण तेच लिहिलंय. आणि अ‍ॅब्सर्डला पण. आता चार शब्दांना एकच अर्थ लिहिल्यावर मॅडम मार्क देतील की मलाच भेटायला बोलावतील?

मग मोबाईल काढला. चौघांचं खानदान एकच, लॅटिन. रिडिक्युलसच्या मुळाशी हसणं, लुडिक्रसच्या मुळाशी खेळ आणि अ‍ॅब्सर्ड म्हणजे मुळात चक्क बेसूर! (हे मला भयंकर आवडलं, आमच्या सोसायटीत गणपतीला कराओके असतं, तिथे आता डोळे मिटून 'अ‍ॅब्सर्ड, अ‍ॅब्सर्ड' म्हणायचं, गाणारे पण खूश.) प्रिपॉस्टरसपाशी मात्र घोडं अडलं. प्रे म्हणजे आधी, पोस्टेरस म्हणजे नंतरचा. आधीनंतरचा?? लेक म्हणाली, आधी की नंतर, काय ते एक सांग ना.

आई तिकडे मटार सोलत बसलेली, मान वर न करता म्हणाली, "अरे, नंतर यायचं ते आधी आलं, आधीचं मागे राहिलं. वरातीमागून घोडं म्हण की."

मोबाईल ठेवून दिला.

मग काय, आम्ही घोडबंदर रोडवाले, घोड्यांना तोटा नाही. लेकीला खिडकीशी नेलं. तो बघ मेट्रोच्या खांबाजवळचा पट्टा, आधी छान गुळगुळीत डांबर घातलं, पांढरे पट्टे मारले, आणि पट्टे वाळतायत तोवर कुणाला तरी आठवलं की अय्यो, खाली पाइप टाकायचा राहिला, म्हणून परत खणला, आणि त्या खड्ड्यापायी मी कापूरबावडीला रोज पाऊण तास कुणाच्या तरी टेम्पोवरचं 'पुन्हा भेटू' वाचत बसतो, ते प्रिपॉस्टरस. तिने वाक्यात उपयोग म्हणून ते सगळं लिहून घेतलं, टेम्पोसकट.

दुसऱ्या दिवशी घरी आल्या आल्या विचारलं, कशी गेली टेस्ट?

"मस्त. आणि टेस्ट झाल्यावर मॅडमनी तो धडा शिकवायला घेतला."