तिथीभोजन कसे घालावे

चिरंजीवांचा वाढदिवस जवळ आला असेल आणि हॉलचं भाडं ऐकून पोटात गोळा आला असेल, तर घाबरू नका. आपल्या बडोद्यात तिथीभोजनाची सोय आहे. जवळची सरकारी शाळा गाठायची, हेडमास्तरांना तारीख सांगायची, आणि त्या दिवशी मुलांना आपल्यातर्फे गोडाचं जेवण. शंभर पानं उठतात, हॉल फुकट, परतभेटीची भानगड नाही. शिवाय पुण्य लागतं ते वेगळंच.

नावावर जाऊ नका. ‘तिथी’ म्हटलं की आपल्याला आधी काळे तीळ आठवतात, पण गुजरातीत तसं काही नाही. तरी सावध केलेलं बरं. आमच्या आत्याबाई नातवाच्या वाढदिवसाला दांडिया बाजारातून रिक्षात पातेली घालून शाळेत गेल्या. पंगत बसली. पहिल्याच ओळीतल्या एका पोरीने मान वर करून विचारलं, “आजे कोनी तिथि छे?” आत्याबाईंच्या हातातला डाव तिथेच अडला. “अगं, शुभ बोल गं बाई!” त्या पोरीला काय कळणार? तिने आणखी एक पुरी मागितली.

आता पदार्थांविषयी. सरकारने उगाच मोजमापं करून ठेवली आहेत. पाचवीपर्यंतच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम. लहानग्याच्या ताटासाठी १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. धान्य सरकार देतं. उरलेल्या डाळ, भाजी, तेल, मीठमसाला आणि गॅस एवढ्यासाठी मे २०२५ पासून पाचवीपर्यंतच्या दर मुलामागे, दर दिवसाला, ६ रुपये ७८ पैसे. रक्कम सावकाश वाचा. व्यवहारातून पैसे जाऊन जमाना झाला, नाणी पोरं ओळखतसुद्धा नाहीत, पण त्यांच्या ताटात ते अजून चालतात. फरसाणवाल्याकडे लिलो चिवडा घेताना मात्र हा हिशेब मनात आणू नये. चिवड्याची चव जाते.

म्हणून तुम्ही डाळीच्या फंदात पडू नका. डाळ घट्ट होती की पातळ, हे फोटोत कळत नाही. सुखडी द्या, श्रीखंड द्या. गोड खाताना मुलं हसतात. अंड्याचं तर नावही काढू नका. शेजारच्या महाराष्ट्रात अंड्यावरून काय वाद घालायचे ते घालोत, आपल्या गुजरातेत शाळेच्या पानावर अंडं येत नाही, त्यामुळे वादही नाही. आता कोणी चोंबडा सांगेल की २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गुजरातेतली पाच वर्षांखालची ३९.७ टक्के मुलं कमी वजनाची निघाली. एवढ्या सुखवस्तू राज्यात, वगैरे. त्याला सांगा, “अहो, ठेवणच बारीक असते त्यांची.” हे वाक्य म्हणताना आपल्या पोटावरून हात फिरवू नये, एवढं पथ्य पाळा.

जेवण वाढण्याआधी शिक्षकाने चव घ्यायची, असा नियम आहे. तुमच्या दिवशी सगळे शिक्षक आपणहून चव घेतील. काहीजण दोनदा घेतील. एरवी रोज चव घेण्याची पाळी कोणावर येते, ते विचारू नका.

वाढायला स्वतः उभे राहा, पण एकाच ओळीत. कमरेला मोकळीक हवी. बाकीच्या ओळी तिथल्या स्वयंपाकाच्या बायका सांभाळतील, त्या रोजच सांभाळतात. या कामाचं मानधन केंद्राने २००९ मध्ये महिन्याला १००० रुपये ठरवलं, तेही वर्षातले दहाच महिने, आणि तो आकडा पुढे हललाच नाही. राज्यं पदरचं काय घालतात तेवढंच. त्यांना फोटोत घेऊ नका. साडीचा रंग बॅनरशी जुळत नाही.

फोटो हा विधीचा गाभा आहे. पिंडाला कावळा शिवेपर्यंत सगळे कसे मान वर करून उभे असतात? तसंच इथे. मूल घास उचलतं कधी आणि हसतं कधी, याकडे बाराजणांचे डोळे. भुकेलं मूल फार भराभर खातं, चेहरा वर करतच नाही, आणि मग चिरंजीव मागे केक घेऊन ताटकळतात. यावर उपाय म्हणजे आधी फोटो, मग पान.

एक गोष्ट मुलांच्या कानावर जाऊ देऊ नका. गुजरातेत शाळेतलं जेवण १९८४ पासून आहे. देशभर योजना निघाली १९९५ मध्ये, पण बऱ्याच ठिकाणी तेव्हा नुसतं धान्य हातावर ठेवत. ‘शिजवून वाढा’ हे सर्वोच्च न्यायालयाला २००१ मध्ये सांगावं लागलं. आणि २०१३ पासून तर कायदाच आहे: सरकारी आणि अनुदानित शाळेत आठवीपर्यंतच्या मुलाला सुट्ट्या सोडून रोज एक जेवण, फुकट, हक्काने. एखाद्या दिवशी चूल पेटली नाही तर त्या दिवसाचा भत्ता द्यायचा. ‘हक्काने’ हा शब्द तिथीभोजनाला फार मारक आहे. ज्या पोराला पान आपलंच आहे हे कळलं, ते “थँक्यू अंकल” कशाला म्हणेल? तिथीभोजन हे रोजच्या जेवणाच्या बदल्यात नाही, जादाचं आहे, असंही नियमात लिहिलंय. ते बॅनरवर मावत नाही.

वाढदिवसाच्या दिवशी घरची कामवाली रजा मागेल, त्याचीही तयारी ठेवा. आमच्या बेननी नेमकी मागितली. रेशन कार्डावरच्या सगळ्यांचं ई-केवायसी करायचं होतं. माणशी पाच किलो धान्य, पण आधी अंगठा. त्यांचा अंगठा यंत्र ओळखेना. बारा घरची भांडी घासून रेषाच राहिल्या नव्हत्या. मी तो हात पहिल्यांदा नीट पाहिला तो तेव्हा, त्यांनी माझ्यापुढे धरला म्हणून. बोटांची टोकं साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत. पुसून बघितला, खोबरेल लावून बघितला, लिंबू चोळून बघितलं. तीन खेपा झाल्या. त्या बारा घरांतल्या निदान एका घरच्या कढया तरी आमच्या होत्या, पण हे मी त्यांना बोलून दाखवलं नाही. “या महिन्यातली चौथी रजा, बेन,” एवढंच म्हटलं. तुम्हीही तसंच म्हणा. नाहीतर त्यांची धाकटी ज्या शाळेत जाते त्याच शाळेत तुम्ही श्रीखंड वाढताय, हे त्यांना कळेल, आणि उगाच अवघडल्यासारखं होतं.

भाषणाची वेळ आली तर महाराजांचं नाव घ्या. आपण बडोदेकर कुठलाही वाद काळ्या घोड्यापाशी, म्हणजे महाराजांच्या पुतळ्यापाशी नेऊन संपवतो. सयाजीरावांनी १९०६ मध्ये सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, इथे टाळ्या. पोर शाळेत न धाडणाऱ्या आईबापांना दंड केला, इथे आणखी टाळ्या. मात्र तिथेच थांबा. १८७५ मध्ये कवळाण्याहून एक बारा वर्षांचा शेतकऱ्याचा मुलगा इथे आणला, अक्षरओळख जेमतेम, त्याला पोटभर जेवू घातलं, शिकवलं, आणि त्याचे महाराज झाले, ही गोष्ट पंगतीपुढे सांगू नका. पोरं एकमेकांकडे बघायला लागतील. बघितलंच, तर हेडमास्तर प्रार्थना सुरू करतील.

राहता राहिली एक अडचण, मे महिन्याची. माझ्या भाच्याचा वाढदिवस ऐन मे महिन्यात येतो आणि तेव्हा शाळेला सुट्टी. त्या पाच आठवड्यांत ती शंभर पानं दुपारची कुठे बसतात, हे कायद्यालाही माहीत नाही, मग तुम्ही कशाला डोकं शिणवता? प्रश्न फोटोचा आहे. आम्ही गेल्या वर्षी बराच विचार केला. शेवटी मेव्हण्यांना सुचलं. कावळा आलाच नाही तर गुरुजी दर्भाचा कावळा करून शिववतात, तो चालतोच ना? तेव्हा फेब्रुवारीत दुसऱ्या कोणाच्या तिथीला काढलेले फोटो मागवले, वरच्या बॅनरवर भाच्याचं नाव बसवून घेतलं, आणि सकाळी सकाळी सगळ्यांना पाठवून दिले. त्यात तीच पहिल्या ओळीतली पोरगी आहे. पुरीसाठी हात पुढे केलेला.