फक्त ग्रॅम मोजून स्पिरिटचा स्टोव्ह घेऊ नका

भटकंतीला नेायच्या स्पिरिट स्टोव्हवर जो लेख आलाय, त्यात सगळा भर स्टोव्हच्या वजनावर आहे, इंधनाचं वजन राहूनच गेलं. स्पिरिटमध्ये गॅसच्या तुलनेत उष्णता साधारण निम्मीच, त्यामुळे एक-दोन मुक्कामांपुरताच तो हलका पडतो. पुढे बाटलीच जड होते. आपण नागपूरकर शनिवार-रविवार रामटेक नाहीतर पचमढीकडे निघणारे, तेवढ्याला मात्र उत्तम.

कोल्ड्रिंकच्या डब्याचा घरगुती स्टोव्ह फुकटात होतो हे खरं, पण लवंडला की जळतं स्पिरिट पसरतं. ट्रांगिया कंपनीचा पितळी बर्नर ११० ग्रॅमचा, पण उरलेलं स्पिरिट झाकण लावून त्यातच ठेवता येतं. मी तोच घेईन. वाऱ्याला आडोसा हवाच, नाहीतर चहाचं आधण येता येत नाही.

स्पिरिट म्हणजे पॉलिशवाले वापरतात ते; थिनर अजिबात नको. आणि हो, दिवसा त्याची ज्योत दिसतच नाही! विझला समजून वरून ओतायला गेलात तर भडका बाटलीपर्यंत येतो. आधी हात जरा वर धरून धग बघा. उन्हाळ्यात वाळल्या पानांच्या सागवनात तर पेटवूच नका हो.