घर दाखवण्याआधी फोनवरच सांगा

नाशिकमध्ये भाड्याच्या घरांचं काम करणाऱ्या, खास करून नव्याने या धंद्यात आलेल्या मुलामुलींसाठी लिहितोय. पोस्ट लांबली आहे, पण पूर्ण वाचा.

आपल्याकडे 'एजंटचं बोलणं चांगलं पाहिजे' म्हणजे गोड बोलता आलं पाहिजे, असं धरून चालतात. मला ते अजिबात पटत नाही. घराची अडचणीची बाजू समोरचा माणूस घरातून निघायच्या आत फोनवर सांगता आली पाहिजे. निम्मं काम तिथेच होतं.

अंबड एमआयडीसीतला एक जण अर्धा दिवस खाडा करून पाथर्डी फाट्याला फ्लॅट बघायला आला होता. सोबत बायको, कडेवर मूल आणि गुडघ्यांनी जेरीला आलेली आई. तिसरा मजला, लिफ्ट नाही. पहिल्या वळणावर आजींनी कठडा धरला आणि म्हणाल्या, "तुम्ही बघून या रे, मी इथंच बसते." घर तिथेच नापास झालं. त्याची अर्ध्या दिवसाची मजुरीही गेली. दाखवणाऱ्या एजंटला लिफ्ट नसल्याचं पक्कं माहीत होतं. "दादा, घरात वयस्कर कोणी आहे का?" एवढं विचारायला किती वेळ लागतो?

पाण्याचंही तसंच. "पाण्याचं टेन्शन नाही" हे उत्तर नव्हे. मनपाचं पाणी किती वेळ येतं, बोअर आहे का, उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो का आणि त्याची वर्गणी कोण भरतं, हे सांगा. मेंटेनन्स भाड्यात धरलाय की वेगळा, तेही. आणि आपलं ब्रोकरेज किती, कधी द्यायचं, हे पहिल्याच फोनवर.

मालकाला बॅचलर नको असेल तर त्या मुलाला तसं स्पष्ट सांगा. "मालकांशी बोलून कळवतो" म्हणायचं आणि नंतर फोन उचलायचा नाही, याने तो पोरगा आठवडाभर त्याच घरावर आशा ठेवून बसतो. मालकाकडे त्याच्यासाठी एकदा शब्द जरूर टाका. मालकीण काकूंना सांगा की मुलगा नोकरीला आहे, भाडं वेळेवर देईल. काकू ऐकतातही बऱ्याचदा. पण मालकाने न घातलेल्या अटी, आडनावाच्या, खाण्यापिण्याच्या, आपल्या मनाने घालू नका. हे फार चालतं आणि मला त्याचा मनापासून राग येतो.

कराराबद्दल तर आपणच लोकांना चुकीचं सांगतो. 'अकरा महिन्यांचाच आहे, नोटरी पुरे' हे महाराष्ट्रात चालत नाही. भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. एवढं शांतपणे सांगितलं की खर्चाची कुरकुर करणारे मालकही तयार होतात. खर्च तरी किती? मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, मनपा हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. नोंदणी ऑनलाइन होते.

सगळ्यात जास्त भांडणं मात्र घर सोडताना, डिपॉझिटवरून. "रंगाचे पैसे कापणार" हे वाक्य भाडेकरू पहिल्यांदा ऐकतो ते सामान टेम्पोत भरताना. चावी देताना दोघांना समोरासमोर बसवा. रंगाचं काय ठरलं, भिंतीला खिळे चालतील का, नोटीस किती दिवसांची, हे दोघांच्या तोंडून वदवून घ्या आणि करारात घाला. लाइट मीटरचं रीडिंग आणि खोल्यांचा व्हिडिओ दोघांच्या व्हॉट्सॲपवर टाका.

महारेराचं, म्हणजे घरविक्रीच्या व्यवहारांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचं, प्रशिक्षण आणि परीक्षा विक्रीच्या एजंटांना २०२३ पासून सक्तीची झाली. भाड्याचं काम त्यात येत नाही. म्हणजे आपल्याला हे शिकवणारं कोणी नाही, आपणच एकमेकांना सांगायचं.

आणि सध्याचं एक. २०२७ चा सिंहस्थ कुंभमेळा तोंडावर आहे. पंचवटी, तपोवनाच्या बाजूला करार करताना मालकाला आत्ताच विचारा, "कुंभात घर रिकामं करून मागणार आहात का?" उत्तर काहीही येवो, भाडेकरूला ते सही करण्याआधी कळू द्या.